खालची दोरी

माझा दादा त्या दिवशी पाण्यात किती वेळ उभा होता? मी सगळ्यांना विचारलं. साहेबांना, डॉक्टरांना, ज्यांनी त्याला अडकलेल्या ओंडक्यांमधून बाहेर काढलं त्यांनाही. कोणी खांद्यावर हात ठेवला, कोणी चहा पुढे केला. उत्तर कोणीच दिलं नाही.

आमचं काम साधं होतं. जंगलातल्या ओढ्याचं पाणी मोजायचं. ओढ्यावर दोन दोऱ्या आडव्या बांधलेल्या, मध्ये दहा मीटर अंतर. वरच्या दोरीपाशी दादा गुडघाभर पाण्यात उभा राहून लाल लाकडी चेंडू सोडायचा आणि ओरडायचा, "सोडला!" खालच्या दोरीपाशी मी घड्याळ दाबायचो. चेंडू पोचला की पुन्हा दाबून ओरडायचं, "आला!" मग दादा विचारायचा, "किती?" मी सेकंद सांगायचो, तो वहीत लिहायचा. शेवटी तपासणीसाठी दोन बाटल्या भरायच्या, एक वर, एक खाली. आणि दादाचा एक नियम होता. खालून "आला" ऐकू येईपर्यंत वरच्याने जागचं हलायचं नाही. पाय हलले की गाळ उठतो, खालचं पाणी बिघडतं.

त्या सकाळी साहेबांसमोर दादा म्हणाला, "याच्या हाती घड्याळ देऊन काय उपयोग? याचे कायम बाराच वाजलेले."

सगळे हसले. एरवी मीही हसलो असतो. त्या दिवशी डोक्यात राख घालून घेतली. "सोडला!" ऐकलं, घड्याळ दाबलं, आणि तसाच निघून खोपटात जाऊन आडवा झालो. म्हटलं, राहू दे उभा. डोळा लागला. उठलो तेव्हा ओढ्याचा आवाज बदलला होता. वर डोंगरात पाऊस कोसळून लोंढा आला होता.

सगळ्यांना सांगितलं, मी जागेवरच होतो.

पुढे ते काम मी एकट्यानेच चालवलं. काठावरून चेंडू टाकायचा, घड्याळ दाबायचं, चेंडूबरोबर खालपर्यंत चालत जायचं. महिनाभराने प्रयोगशाळेतल्या बाईंनी बोलावलं.

"तुझी वरची बाटली काचेसारखी असते आणि खालची गढूळ. रोज! मध्ये कोण उतरतं पाण्यात?"

"कोणी नाही, बाई."

"मग गाळ काय आपोआप उठतो?"

त्या दिवसापासून मी नीट बघू लागलो. वरच्या दोरीखाली आला की चेंडू क्षणभर थबकायचा... आणि वळसा घालून पुढे जायचा. दगडाला घालावा तसा. तिथे दगड नव्हता. मी काठीने चाचपून पाहिलं, काठीला काहीच लागलं नाही. पण तिथूनच अधूनमधून गाळाचा एक ढग उठायचा. फार वेळ उभं राहून अवघडलेला माणूस पाय बदलतो ना, तसा.

भीती वाटली, खोटं कशाला बोलू. तरी दुसऱ्या दिवशी मी लवकर गेलो. रोज जात राहिलो. "आला" मात्र कधी म्हटलं नाही. म्हटलं की तो जाणार. तेवढाच तर उरला होता.

मग थंडी पडली. एका सकाळी वहिनी म्हणाली, "मी येते आज." खालच्या दोरीपाशी पोचलो तेव्हा माझ्याच तोंडून निघालं.

"वहिनी, त्या दिवशी मी इथे नव्हतो."

"माहीत आहे."

"कोणी सांगितलं?"

"तू इथे असतास, तर तो बाहेर आला असता."

ती रडली नाही. पाण्याकडे बघत राहिली. वरच्या दोरीखाली गाळ उठला, खाली बसला... पुन्हा उठला.

"त्याला थंडी सोसत नाही रे," ती म्हणाली. "किती दमवशील?"

मी वर गेलो. चेंडू टाकला, घड्याळ दाबलं. चेंडू थबकला, वळला, सावकाश खाली आला. मी त्याच्याबरोबर चाललो. दोरीपाशी मी घड्याळ दाबलं. वहिनीने माझं मनगट धरलं.

"आला!" मी ओरडलो. "दादा... आला!"

पाणी गढुळलं, मग हळूहळू निवळलं. तळाचा खडा न् खडा दिसू लागला. मी श्वास सोडला.

तेवढ्यात वरून आवाज आला. दमलेला, रोजचाच.

"किती?"

वहिनीची नखं माझ्या मनगटात रुतली. म्हणजे तिनेही ऐकलं होतं.

मी घड्याळाकडे पाहिलं. चेंडू टाकल्यापासून तो खाली पोचेपर्यंत दहाबारा सेकंद गेले असतील. काचेखाली आकडे स्थिर होते. एक तास, सात मिनिटं.

मी घड्याळ मुठीत घट्ट झाकलं आणि दोन्ही डोळे मिटून, होता नव्हता तेवढा आवाज काढून सांगितलं, "अकरा सेकंद, दादा! नेहमीचेच. लिही आणि ये बाहेर."