पाहुणा ताप

२०६१ साली मिरजेत ताप चढवून देणारं केंद्र निघालं. तेव्हा त्याचं नवल वाटलं होतं, असं आज सांगितलं की नातवंडं हसतात. आमच्या लहानपणी माणसं ताप घालवायला दवाखान्यात जात.

स्वमग्न मुलांच्या आया फार आधीपासून सांगत होत्या, की ताप आला की मूल वेगळं वागतं. नजरेला नजर देतं, एखादा शब्द बोलतं. डॉक्टर मान हलवत आणि औषध लिहून देत. पुढे कारण हाती लागलं. शरीराची प्रतिकारयंत्रणा जंतूंशी लढताना जे रेणू सोडते, त्यांतला एक मेंदूत पोचतो आणि काही मुलांच्या मेंदूतला पेशींचा गलका थांबवतो. गलका थांबला की शब्दाला वाट मिळते. जंतूंवाचून हा रेणू जागवणारी सुई निघाली. सहा तास ताप, मग उतार. लोक त्याला ‘पाहुणा ताप’ म्हणू लागले.

शर्वरी कुंभोजकरची अन्वी सोळा वर्षांची होती. ती बोलत नसे. चौथ्या वर्षी मात्र, एकशे तीन तापात, ती म्हणाली होती, “आई, खिडकी लाव. ऊन ओरडतंय.” पोर बरळतेय असं वाटून शर्वरीने कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या आणि तासाभरात ताप उतरवला. त्यानंतरही प्रत्येक तापात तेच केलं. लेकीचा आवाज आपणच पुसत होतो, हे तिला केंद्रात आल्यावर कळलं.

पहिल्या पाहुण्या तापात अन्वीने आईकडे नीट बघितलं. “तुझी खिचडी फार गिळगिळीत असते.”

शर्वरी हसता हसता रडली. “सोळा वर्षं मुकाट्याने खाल्लीस की गं!”

“मग सांगणार कशी?”

दुसऱ्या तापात ती छताच्या पंख्याकडे बघत बसली. एरवी त्याच्याखाली ती तासन्‌तास गुणगुणत असे. “हा नुसताच फिरतोय,” ती म्हणाली. शर्वरीने तिकडे फारसं लक्ष दिलं नाही. तिला अजून खूप काही विचारायचं होतं.

केंद्राच्या डॉक्टर रुखसाना नदाफ यांनी तिसऱ्या तापाआधी शर्वरीला समोर बसवलं. “शर्वरीताई, हा शेवटचा. सुईचा चौथा ताप हृदय सोसत नाही. आता कातडीखाली पेशी बसवायच्या. त्या तोच रेणू जन्मभर पाझरतील, तापाशिवाय.”

“आणि नको वाटलं तर?”

“काढता येत नाहीत. म्हणूनच कायद्याला तिच्या तोंडचा होकार लागतो.”

“पण ती तापातच बोलते.”

“म्हणून तापातच विचारायचं,” डॉक्टर म्हणाल्या, आणि त्यांनी नजर खाली वळवली.

दुपारी दोनला ताप चढला. डॉक्टरांनी होकाराचा प्रश्न वाचला. अन्वीने तो शांतपणे ऐकून घेतला.

“मी हो म्हटलं की मी राहते?”

“हो.”

“आणि नाही म्हटलं की जाते. मग मला कशाला विचारता? मी माझीच बाजू घेणार ना.”

“अगं, मग कुणाला विचारायचं?” शर्वरी म्हणाली.

“पंख्याखाली बसते तिला. तिला तो ऐकू येतो, मला नाही येत.”

“ती तूच आहेस, बाळा.”

“मग ती बोलत नव्हती तेव्हा तू कुणाशी बोलायचीस?”

शर्वरी तिच्याजवळ सरकली. अन्वीचे ओठ कोरडे पडले होते. “आई, मला राहायचंय. खूप. मी आता हो म्हणेन. त्याच्या आत पट्टी ठेव.”

खोलीत पाण्याचं भांडं होतंच. शर्वरीने फडकं भिजवलं. तिने ते अन्वीच्या कपाळावर ठेवलं. डॉक्टरांनी अडवलं नाही. साडेतीनला अन्वी उठली, भिंतीशी गेली, पंख्याचं बटण दाबलं आणि गुणगुणू लागली.

डॉक्टर नदाफांनी वर्षभरात केंद्र सोडलं. ताप नसताना होकार कसा ओळखावा, यावर त्या मरेपर्यंत काम करत राहिल्या. कायदा बदलला नाही. अन्वी आज चाळिशीत आहे. एका बियाणे केंद्रात बिया निवडते, तिच्याइतका अचूक हात तिथे दुसरा नाही.

शर्वरी थकली आहे. वर्षा-दोन वर्षांनी अन्वीला साधा, आपसूक येणारा ताप येतो. तेव्हा शर्वरी पाण्याचं भांडं आणि फडकं घेऊन उशाशी बसते. अन्वी डोळे उघडते, आईला ओळखून हसते आणि विचारते, “आज किती वेळ देतेस?”

फडकं शर्वरीच्या हातातच वाळत जातं.