हाकेला येणाऱ्या गायी

परीक्षेच्या आधी तिची झोप उडाली ती उडालीच. परीक्षा संपली, निकालही लागला, पण डोळ्याला डोळा लागेना. भुकेला कोंडा नि निजेला धोंडा म्हणतात. हिला मऊ गादी मिळूनही रात्रभर छतच दिसायचं. शेवटी कॉलेजनेच तिला विश्रांतीसाठी परदेशातल्या एका खेड्यात, गायी पाळणाऱ्या कुटुंबात राहायला धाडलं.

"झोप लागली नाही तर लपवू नकोस," विमानतळावर आई म्हणाली. "तुझ्या आवाजावरून कळतं मला." ते खरंच होतं. फोनवर नुसतं 'हॅलो' म्हटलं की आई विचारायची, "आजही नाही ना?"

घर बैठं होतं, मागे गोठा आणि पुढे कुंपणापर्यंत गवत. मालकीणबाई बोलघेवड्या होत्या, नवरा तोंडातून शब्द न काढणारा. त्यांची भाषा तिला कामापुरती येत होती. पहिल्याच दिवशी दूध गाळता गाळता मालकीणबाईंनी सांगून टाकलं, की त्यांची मुलगी तापाने गेली आणि तेव्हापासून गायी पान्हा चोरतात. गायी मुलीच्या हाकेवर वाढलेल्या. दुसऱ्या कुणी घसा फोडला तरी ढिम्म.

"तू मारून बघ की हाक," त्या म्हणाल्या. "आधी लांबव. हां... आता शेवट नाकातून वर ने."

तिला हसू आलं. चांगल्या मार्कांनी पास होऊन आता गायींच्या हाकेची शिकवणी! पण रोज संध्याकाळी मालकीणबाई शेजारी उभ्या राहून सूर सुधारत राहिल्या, आणि एके दिवशी गायी माना वर करून चालत आल्या. त्या दिवशी बादली फेसाने भरली. त्या रात्री ती डाराडूर झोपली.

मग तसंच होत गेलं. संध्याकाळी हाक, रात्री झोप. आईला ती नुसते मेसेज पाठवायची, 'झोपते गं नीट'. दिवसभराच्या कामानंतर फोनचा कंटाळा यायचा.

एकदा मालकीणबाईंच्या नवऱ्याने तिला गोठ्याच्या दाराशी अडवलं.

"आज हाक मारू नकोस, पोरी."

"का?"

"मी तिकडे, लांब असतो. ऐकू येतं आणि..." त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. "नको मारूस."

तिने ऐकलं. गायी जड कासेने हंबरत राहिल्या, आणि ती पहाटेपर्यंत कूस बदलत राहिली. झोप न लागण्याची जुनी भीती परत छातीवर येऊन बसली. दुसऱ्या दिवशी ती कुणी न सांगताच कुंपणाशी गेली आणि तिने हाक मारली. नवऱ्याने गोठ्याची खिडकी लावून घेतली. त्यानंतर तो तिच्याशी बोलला नाही.

निघायच्या आदल्या दिवशी, उन्हं कलताना, ती कुंपणाशी उभी राहिली. रेंज तिथेच यायची. तिने आईला फोन लावला.

"आई, उद्या निघतेय. इतकी छान झोपते ना आता!"

आईने पलीकडून विचारलं,

"कोण बोलतंय?"

"अगं, मी."

"हो का..." आई जरा संकोचून हसली. "मराठी छान बोलता हो तुम्ही. तिकडच्याच ना? जरा माझ्या मुलीला फोन देता का?"

"आई, थट्टा करू नकोस. मीच आहे."

आता आईचा आवाज अगदी खाली गेला. "ती... बरी आहे ना? काही झालंय का तिला? सांगा हो..."

तिला जे जे आठवलं ते सगळं ती भराभरा बोलत सुटली. घरातली पडद्यामागची तुटलेली कडी, लहानपणी पडून फुटलेली हनुवटी. आई मधेच रडू लागली. "तिनेच सांगितलं ना हे तुम्हाला? मग तिलाच द्या ना फोन..."

मागे गवत सळसळलं म्हणून ती वळली. साऱ्या गायी कुंपणापाशी येऊन तिच्याकडे बघत उभ्या होत्या. आज तिने हाक मारली नव्हती. ती फक्त आईशी मराठीत बोलत होती, आणि त्यांच्या सडांतून दूध आपोआप गवतावर ठिबकत होतं.