टीपकागदाखाली

सिगारेटच्या पाकिटांतून पूर्वी जी रंगीत चित्रे मिळत, त्यांचा संग्रह मी तरुणपणापासून करीत आलो आहे. त्या दुपारी जुन्या बाजारातून असेच एक चित्र मी घरी आणले. खुर्चीत बसलेला एक रुबाबदार गृहस्थ सिगारेटची उघडी डबी पुढे करून, पाहणाऱ्याकडे बघत मंद हसत होता. चित्राच्या पाठीवर मात्र कोणीतरी जाड पुठ्ठा चिकटवला होता.

शेजारच्या खोलीत माझा धाकटा भाऊ अंथरुणाला खिळला होता. खोकल्याने त्याची छाती पार पोखरली होती.

"डॉक्टरांनी माझी सिगारेट सोडवली, आणि तू घरात तिची जाहिरात आणतोस! धन्य आहेस, दादा," तो म्हणाला. "बघू तरी दे. बघायला बंदी नाही ना?"

चित्र हाती घेऊन तो बराच वेळ पाहत राहिला. त्याची दोन बोटे नकळत त्या डबीवर टेकली.

"फार आग्रह करतोय रे हा... नाही म्हणवत नाही."

मी हसून चित्र काढून घेतले. रीतीप्रमाणे कोमट पाण्यात भिजवून पुठ्ठा सोडवला, ओले चित्र दोन टीपकागदांमध्ये ठेवले आणि वर शब्दकोशाचे जाड खंड रचले. संध्याकाळ झाली म्हणून दिवा लावला, तेव्हा ध्यानात आले की शेजारचा खोकला थांबला आहे.

मी आत डोकावलो. भाऊ ताठ बसला होता. गालांवर रंग चढला होता. खोलीत ताज्या तंबाखूचा वास दरवळत होता.

"बरं वाटतंय का रे?"

त्याने मंद हसून रिकामा तळहात माझ्यापुढे धरला.

"या ना, बसा. आपण घेता का एक?"

उभ्या जन्मात त्याने मला 'अहो' म्हटले नव्हते.

तेवढ्यात माझ्या टेबलावरून खोकला ऐकू आला. बारीक, दबलेला, ओळखीचा... त्या खंडांच्या खालून.

"दादा... उचल ना रे..."

मी धावलो. खंड बाजूला सारले, टीपकागदाची कड धरली आणि थबकलो. चित्र अजून दमट होते. अशा वेळी कागद सोलला की रंग त्यालाच चिकटून येतो, आणि सर्वांत आधी जातो तो चेहरा. पुन्हा पाण्यात सोडावे, तर आत श्वास घेणारा कोणी होता. थांबावे, तर चित्र सुकत होते तसतसा खोकला क्षीण होत होता.

मागे काडी ओढल्याचा आवाज झाला.

"सावकाश होऊ द्या," दारातून तो म्हणाला. "मला मुळीच घाई नाही."