पुठ्ठ्याची विहीर

कार्यक्रमाला तीन आठवडे उरले असताना संगीताच्या बाई जिन्यावरून घसरल्या आणि पाय प्लास्टरमध्ये घालून घरी बसल्या. शाळेच्या संगीत नाटकाचं लोढणं मग विज्ञानाच्या बाईंच्या गळ्यात पडलं.

“मुली तुम्हाला प्रयोगबाई म्हणतात ना?” मोठ्या बाई हसून म्हणाल्या. “मग हाही एक प्रयोगच समजा.”

प्रयोगबाईंना सूर कळत नसे, पण वेळापत्रक कळत असे. रोज शेवटची घंटा झाली की त्या वही, शिट्टी आणि घड्याळ घेऊन सभागृहात हजर होत. नाटक परीकथेचं होतं. एका राजकन्येचा आवाज विहिरीत पडतो आणि ती तो परत मागायला जाते. राजकन्या विहिरीत वाकून एक ओळ गाणार, आणि पडद्यामागे उभ्या असलेल्या आठ मुली विहीर होऊन तीच ओळ परत गाणार. चित्रकलेच्या सरांनी फ्रिजच्या खोक्यांची कमरेएवढी विहीर बनवली होती. बाहेरून शेवाळलेले दगड रंगवले होते, आतून नुसता तपकिरी पुठ्ठा. तळ नव्हताच. वाकून पाहिलं की रंगमंचाच्या फळ्या दिसायच्या.

राजकन्या झालेली मुलगी नववीतली. वर्गात ती इतकं हळू बोलायची की सगळे तिला पुटपुटी म्हणत. “गळा आहे तिच्यात,” संगीताच्या बाईंनी फोनवर बजावलं होतं. “भीतीपोटी दाबून ठेवते एवढंच. ओरडू नकोस तिच्यावर.”

प्रयोगबाई ओरडल्या नाहीत. त्यांना ती पोर पहिल्याच दिवशी आवडली होती. येताना गाण्याचा कागद चार घड्या करून मुठीत आणायची आणि घामानं त्याचा लगदा व्हायचा. बाई रोज तिला नवा कागद लिहून द्यायच्या.

“विहीरबाई, विहीरबाई, माझा सूर दे,
दूर गेला, खोल गेला, जवळ येऊ दे.”

‘खोल’वर सूर वर चढायचा आणि तिथेच पुटपुटीचा आवाज चिरकायचा. विहिरीतून मात्र ती ओळ बिनचूक परत यायची.

“शाब्बास गं पोरींनो!” बाई पडद्याकडे बघून म्हणायच्या.

गुरुवारी त्या आठही मुली गणिताच्या चाचणीत अडकल्या. सभागृहात फक्त बाई आणि पुटपुटी. “तू तुझं गाऊन घे,” बाई म्हणाल्या आणि वहीत डोकं घातलं. पुटपुटी गायली, चिरकली. मग विहिरीतून ओळ परत आली. गोड, भरलेली, ‘खोल’वर न अडखळता.

बाईंनी पेनचं टोपण लावलं. उठून पडद्यामागे पाहिलं. दोन खुर्च्या आणि एक झाडू होता. विहिरीत पाहिलं. फळ्या होत्या, आणि सरांची विसरलेली डिंकाची बाटली.

“प्रतिध्वनी आहे,” त्या म्हणाल्या. म्हणताना त्यांनाच ते पटलं नाही. प्रतिध्वनी चूक दुरुस्त करत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रयोगशाळेतून मोजपट्टी आणली. विहिरीपासून चारही भिंतींची अंतरं मोजून वहीत मांडली. टाळी वाजवली, शिट्टी फुंकली, स्वतःच्या बेसूर गळ्यानं दोन ओळीही म्हणून पाहिल्या. काही नाही. चित्रकलेच्या सरांना आत तोंड घालून गायला लावलं.

“पुठ्ठा आहे हो, बाई,” ते गोंधळून म्हणाले. “पुठ्ठा काय गाणार?”

विहीर फक्त पुटपुटीला उत्तर देत होती.

“तुला कळलंय ना?” बाईंनी तिला बाजूला घेऊन विचारलं.

पुटपुटीनं होकारार्थी मान हलवली.

“भीती नाही वाटत?”

“ती हसत नाही मला,” पुटपुटी म्हणाली. “मी चुकले की थांबते. मग परत म्हणून दाखवते. घाई नाही करत.” एवढं लांब वाक्य बाईंनी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

आणि पोर खरंच सुधारत होती. मान वर करून चालायला लागली होती, मधल्या सुट्टीत मुलींत बसायला लागली होती. बाईंनी वहीतलं अंतरांचं पान दुमडून ठेवलं. सगळ्याच गोष्टींचं कारण लगेच सापडत नाही, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

शेवटच्या आठवड्यात विहिरीनं एक ओळ जास्त गायली.

“देते बाई, देते बाई, खाली वाकून ये.”

त्या संध्याकाळी बाईंनी फोन लावला. “अगं, विहिरीच्या गाण्यात तिसरी ओळ आहे का?”

“छे! दोनच ओळी आहेत,” संगीताच्या बाई म्हणाल्या. “का गं, कुणी शहाणपणा केला?”

“नाही, सहज विचारलं,” प्रयोगबाई म्हणाल्या.

सकाळी त्यांनी सांगून टाकलं, विहिरीचा प्रवेश गाळायचा.

“नाही, बाई!” पुटपुटी ओरडली. सभागृहभर घुमेल असं. सगळ्या मुली वळून बघायला लागल्या. पुटपुटीचे डोळे भरले होते. “आई रजा टाकून येणार आहे. तिनं मला कधी गाताना ऐकलं नाहीये. एकदाच, बाई.”

नाही म्हणायचा बाईंना धीर झाला नाही. त्यांनी खडू घेतला आणि विहिरीपासून दोन पावलांवर एक जाड रेघ ओढली. “हिच्या पुढे जायचं नाही. वाकायचं तर अजिबात नाही. शपथ घे.”

पुटपुटीनं शपथ घेतली.

कार्यक्रमाच्या दुपारी सभागृह भरून गेलं. पुटपुटीची आई दुसऱ्या रांगेत, कामावरच्या कपड्यांतच आली होती. पहिला प्रवेश छान झाला. मग विहिरीचा आला.

पुटपुटी रेघेपाशी थांबली. समोर एवढी माणसं. तिचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

कुणीतरी खोकलं. मागे कुणीतरी हसलं.

बाई विंगेत मुठी आवळून उभ्या होत्या. गा गं, गा माझी राणी.

आणि विहीर आधी गायली.

“विहीरबाई, विहीरबाई, माझा सूर दे.”

पडद्यामागच्या आठही मुली तोंड मिटून एकमेकींकडे बघत होत्या.

पुटपुटीच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. तिनं ओळ उचलली. ‘खोल’वर तिचा आवाज असा काही उमलला की सभागृहाला श्वास घ्यायचं भान राहिलं नाही.

मग तिसरी ओळ आली.

पुटपुटीनं रेघ ओलांडली.

ती वाकली. कमरेपर्यंत आत गेली.

बाई धावल्या. त्यांनी मागून तिच्या झग्याचा पट्टा धरला आणि ओढलं. वजन एका मुलीचं नव्हतं. क्षणभर आतून कुणीतरी तितक्याच मायेनं धरून ठेवल्यासारखं वाटलं.

मग सुटलं.

टाळ्या थांबत नव्हत्या. हा नाटकाचाच भाग आहे, असं सगळ्यांना वाटलं. पुटपुटी सरळ उभी होती. धडधाकट. बाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी सगळ्यांसमोर तिला पोटाशी धरलं. ती नुसती हसत होती.

तिची आई डोळे पुसत आली. “आनंदानं बोलायचंच विसरलीय पोर,” ती म्हणाली. त्या गलबल्यात कुणाचंच कुणाला ऐकू येत नव्हतं. चित्रकलेच्या सरांनी त्याच दिवशी विहीर उलगडून रद्दीत टाकली. बाईंनी समोर उभं राहून ती टाकून घेतली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला प्रयोगबाईंनी हजेरी घेतली. मान खाली घालून, भराभर.

“बावीस.”

“हजर.”

“तेवीस.” हा पुटपुटीचा क्रमांक.

“हजर, बाई.” स्वच्छ, मोकळा, गोड आवाज. बाईंना इतकं बरं वाटलं की खूण करून त्यांनी कौतुकानं वर पाहिलं.

खिडकीजवळचा पुटपुटीचा बाक रिकामा होता. शेजारच्या दोघीही तिकडेच बघत होत्या.

बाहेर पावलं वाजली. पुटपुटी धावत आली होती. दप्तर एका खांद्यावर, वेणीची रिबीन सुटलेली. दारात थांबून तिनं रोजच्यासारखं विचारलं. आत येऊ का, बाई? ओठांवरून स्पष्ट कळलं. आवाज मात्र आला नाही. तिला ते ठाऊकच नसावं, कारण उत्तराची वाट बघत ती हसत उभी होती.

“ये ना,” रिकाम्या बाकावरून तिचाच आवाज म्हणाला.