दवाखान्याचा जावई

“तुम्ही याला मरायला घरी पाठवताय, डॉक्टर!”

वहिनीचे हे शब्द अख्ख्या वॉर्डानं ऐकले. डिस्चार्जचे कागद पुढं धरून मोठे डॉक्टर चष्म्यावरून तिच्याकडे बघतच राहिले. खाटेच्या कडेवर तिचा धाकटा दीर कपड्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. दंडावरचं गळू कापून झालं होतं, पट्टी बांधून झाली होती. म्हणजे दवाखान्याच्या लेखी माणूस बरा झाला होता...

बरा म्हणे! उंच इमारतींच्या काचा पुसणारा हा पोरगा परांचीवरून पडला, कंबर मोडली, तेव्हा वेदना मारणाऱ्या पण सवय लावणाऱ्या गोळ्या याच दवाखान्यानं सुरू केल्या, आणि एके दिवशी यांनीच त्या तडकाफडकी बंद केल्या. शरीर मात्र मागतच राहिलं. गोळी मिळेना तेव्हा नशेची सुई आली, सुईमागून गळू, गळवामागून पुन्हा ही खाट. दर खेपेला गळू तेवढं बरं व्हायचं. तलफेवरही औषध असतं, याच दवाखान्याच्या कपाटात असतं, ते रोज घेतलं की माणूस कामाला लागतो, हे वहिनीला कळलं ते शेजारच्या रुग्णाच्या बायकोकडून. इथं कुणी तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. वॉर्डबॉय मात्र न चुकता विचारायचे, “आले का जावईबापू?” तोही हसायचा... आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचा.

सासू गेल्यापासून त्याला वहिनीनंच वाढवलं होतं. त्याच्या उशाशी बसता यावं म्हणून तिनं कपड्याच्या कारखान्यातली नोकरी सोडली, आणि बदल्यात नवऱ्याचा टोमणा ऐकला, की तूच त्याला डोक्यावर चढवून ठेवलंस. तिनं तोही गिळला. पण आज तिनं ठणकावून सांगितलं होतं, की आधी ते औषध सुरू करा, त्याशिवाय मी याला नेणार नाही. डॉक्टर म्हणाले, व्यसनमुक्तीचा विभाग वेगळा, पुढच्या महिन्यात नंबर लावा. पुढचा महिना! तोवर हा थरथरेल, ओकेल, आणि शेवटी दार उघडून सुईच्या शोधात निघून जाईल, हे तिनं मागच्या खेपांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

तेवढ्यात दीर हळूच म्हणाला, “वहिनी, मी नकोसा झालो असेन तर तसं सांग. कुठंही जाईन मी.”

तिचं अंतःकरण विदीर्ण झालं. वाटलं, उठावं, याला पोटाशी धरावं आणि न्यावं घरी... पण ती जागची हलली नाही.

“भाऊजी, आज घरी नेलं तर उद्या खांद्यावरून न्यावं लागेल. त्यासाठी वाढवलं नाही मी तुम्हाला. हव्या तेवढ्या शिव्या द्या मला, पण इथंच बसा.”

त्यानं पिशवी खाटेखाली सारली आणि तिचा हात घट्ट धरला. इतक्या खेपांत त्यानं स्वतःसाठी कधी काही मागितलं नव्हतं.

“डॉक्टर, मला ते औषध पाहिजे,” तो म्हणाला. “मला जगायचंय.”

आता मात्र वहिनीच्या डोळ्यांतून अश्रू घळाघळा वाहू लागले. डॉक्टर घसा खाकरून म्हणाले, की खाट दुसऱ्या पेशंटला द्यायची आहे.

तिनं पदरानं तोंड पुसलं. “दुसरा कोण? परत हाच येणार ना, वाचला तर! औषध तुमच्या कपाटात आहे. आज सुरू करताय की नाही? आणि नसाल करत, तर का नाही, ते याच्या डोळ्यांत बघून सांगा.”