पहिल्या मुलीचं नाव

मी तुळिंजच्या एका शाळेत गणित शिकवते. मुलांनी उत्तराची जागा कोरी सोडली की माझा जीव वरखाली होतो. चुकीचं उत्तर परवडलं, पण कोरी जागा नको. शिक्षकखोलीत यावरून माझी थट्टाही होते.

२००७च्या उन्हाळ्यात घरी ब्रॉडबँड आलं. माझा नवरा मार्सेल कुवेतला असतो, त्याच्याशी कॅमेऱ्यावर बोलता यावं म्हणून घेतलेलं. त्याच्या ड्युटीचा मेळ काही बसेना, आणि सुट्टीत मी भलत्याच नादाला लागले. परदेशातली कुठलीशी संस्था घराण्याचा इतिहास कसा शोधायचा ते इंटरनेटवर फुकट शिकवत होती. छोटे छोटे धडे, मधेच अडकणारे व्हिडिओ आणि शेवटी गृहपाठ. आयुष्यभर दुसऱ्यांना गृहपाठ दिला, आता स्वतः करताना मजा वाटायची.

खरं कारण आई होती. ती गास गावात, आमच्या जुन्या घरी एकटी राहायची. अंगावरून वारं गेल्यापासून ती विसरायला लागली होती. आधी कालवणातलं मीठ विसरली, मग रोजरीच्या प्रार्थनेतले शब्द, मग माणसं. एक दिवस ती मलाही विसरेल, याची मला भयंकर भीती वाटत होती. त्याआधी तिच्याकडून सगळं विचारून घ्यावं, एवढंच मनात होतं.

घरातल्या वयस्कर माणसाला विचारा, मधे बोलू नका, उत्तराची वाट पाहा, असं पहिल्या धड्यात सांगितलं होतं.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून मी माझ्या मुलीला, अनुष्काला, घेऊन गासला गेले. आई ओट्यावर मोगऱ्याच्या कळ्या निवडत होती. अनुष्का धावत जाऊन तिला बिलगली. ‘आय, तू आणि बाबा इथं राहायला लागलात तेव्हा घरात कोण कोण होतं?’ असं विचारून मी गप्प बसले.

बऱ्याच वेळाने आई म्हणाली, ‘तुझ्याआदी एक पोर व्हती.’

इतक्या वर्षांत हे कुणी बोललं नव्हतं.

‘बाप्तिस्मा व्हायच्या आत गेली. नाव नाय दिलं. तुझ्या बापाने पंपाच्या खोलीमागं, बांधावर मातीत ठेवली तिला.’ आईने कळ्यांवर ओला फडका टाकला. ‘कुनी बोलत नाय तिचं. तू पन नको बोलू.’

आमच्या घरात तशी रीतच होती. बाप्तिस्म्याआधी गेलेल्या मुलाला नाव द्यायचं नाही, त्याला हाक मारायची नाही.

पुढचा धडा वंशवृक्षाचा होता. कॉम्प्युटरवर प्रत्येक माणसासाठी एक चौकोन. व्हिडिओतली बाई हसून सांगत होती, कुणालाही बिननावाचं ठेवू नका, नाव ठाऊक नसेल तर तुमच्याकडच्या रीतीप्रमाणे तात्पुरतं द्या. आमच्याकडे पहिल्या मुलीला बापाच्या आईचं नाव मिळतं. माझी आजी रिटा, म्हणून मी रिटा. पण पहिली मी नव्हते. माझ्या शेजारचा कोरा चौकोन माझ्याकडे बघत होता, आणि मी त्यात ‘रिटा’ लिहून टाकलं. एका घरात एकाच नावाच्या दोघी आमच्याकडे असतातच. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

पुढच्या रविवारी आई टवटवीत दिसली. केस विंचरलेले, अंबाड्यावर गजरा. तिचा उजवा हात डोक्यापर्यंत जात नव्हता, म्हणून मी विचारलं, ‘कुणी केलं हे?’

‘रिटा आलती ना काल.’

काल मी दिवसभर तुळिंजला घरीच होते. बिचारी दिवस विसरली, असं मी मनाशी म्हटलं. निघताना शेजारचे क्लेमेंट काका कुंपणापाशी भेटले. ‘काय गो रिटा, काल हाक मारली तर वळली पन नाय. पंपाजवळ एवढा वेळ काय करत व्हती?’

काकांना मोतीबिंदू आहे. मी हसून विषय सोडला.

पण रोजरी म्हणताना आईचा एकही शब्द अडत नव्हता. कालवणही पूर्वीसारखं झालं होतं. मला इतका आनंद झाला की अनुष्काने हट्ट धरला तसं मी तिला आठवडाभर आजीकडे ठेवलं.

बुधवारी दुपारी मी गासला फोन केला. आई खुशीत बोलत होती. रिटा लग्नात किती रडली ते सांगत होती. माझ्या लग्नात मी नाही, मार्सेल रडला होता. अख्ख्या गासला ठाऊक आहे.

‘आय, अगं मी रिटाच बोलते.’

ती म्हणाली, ‘तुमचा नंबर चुकला वाटतं. रिटा हितंच हाय. पोरीची वेनी घालते.’

मागे अनुष्का खिदळली. ‘दुखतंय ना!’ असं कुणाला तरी लाडाने म्हणाली.

फोन बंद झाला. पुन्हा लावला, कुणी उचलला नाही.

मी कॉम्प्युटर लावला. शेजारच्या चौकोनातलं नाव पुसलं, मग तो चौकोनच काढून टाकला. माझा चौकोन जागेवर होता. पुन्हा पुन्हा पाहिला. मग पर्स उचलली आणि जिने उतरून रिक्षा धरली.

गासला ऊन रणरणत होतं. वाडीतला पंप चालू होता.

आई ओट्यावर होती. मला पाहून ती उठली. डोक्यावर पदर घेतला.

‘या. कोन पायजे?’

‘आय, मी.’

‘बसा, बसा. उनातून आलात.’ तिने खुर्ची पुढे केली. माझ्या आईने मला खुर्ची दिली.

आत स्वयंपाकघरात कुणीतरी फोडणी घातली. लसणाचा वास ओट्यापर्यंत आला. मला आत जायचं होतं. पण मी उंबऱ्याबाहेरच थांबले.

‘अनुष्का!’ मी ओरडले. ‘चप्पल घाल. घरी चल.’

अनुष्का बाहेर आली. तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या. हातात बशी, बशीत पाण्याचा पेला.

ती माझ्यापुढे उभी राहिली आणि मी शिकवलं होतं तसं, पाहुण्यांकडे बघून हसावं तसं हसली.

‘पाणी घ्या, आंटी,’ ती म्हणाली. ‘मम्मीने दिलंय.’