एकतीस मिलिलिटर

बेल्ली गौडरने प्रयोगवही तिलकवतीच्या टेबलावर ठेवली, पण वहीवरचा हात काही उचलला नाही.

"माझी नात, माधी. जानेवारीत न्यूमोनियाने गेली. उटीच्या कॉलेजात तिच्या नावापुढे 'चोरी केली' असा शेरा आहे. तेवढा पुसायचाय."

वहीतला प्रयोग सरळ होता. चोवीस मिलिग्रॅम मॅग्नेशियम आम्लात टाकायचं, निघालेला हायड्रोजन पाण्यावर धरून मोजायचा. माधीने लिहिलं होतं : तापमान चौदा अंश, वायू एकतीस मिलिलिटर. त्यावर लाल फुली.

तिलकवती कोइमतूरची खाजगी तपासनीस. आरोक्यम तिची गाडी हाके आणि शंका काढी. तिघं उटीला पोचल्यावर त्याने वेफर्सचं पाकीट पुढे केलं.

"अक्का, बघा. खाली घेतलं तेव्हा चपटं होतं. घाट चढताना पोट सुटलं."

"तुझं खालीच सुटलेलं होतं."

रसायनशास्त्राचे सबापती सर ताठ बसले होते. "एक मोल वायू म्हणजे बावीस पूर्णांक चार लिटर. हा तुकडा मोलचा हजारावा भाग, म्हणजे याचे तितकेच मिलिलिटर. वर्गात वीसजण. एकोणीसजणांना बरोब्बर तेवढाच मिळाला. हिला एकतीस? जादा मॅग्नेशियम उचललं, दुसरं काय."

"एकोणीसजणांना बरोब्बर?"

"दशांशापर्यंत."

शिपाई कुप्पन किल्ल्या चाचपत म्हणाला, "तुकडे मीच तोलून डबीत ठेवले, अम्मा. प्रत्येकी एक, असे वीस. मॅग्नेशियमची बाकीची पट्टी माझ्या कुलपात."

"त्या दिवशी संध्याकाळी डबीत किती उरले?"

"एकोणीस."

"कुणाला सांगितलं?"

"विचारलं कुणी?"

"म्हणजे पोरीने घेतलाच की," आरोक्यम पुटपुटला.

"घेतला. तिच्या वाट्याचाच होता." तिलकवती सरांकडे वळली. "वीस विद्यार्थी, एकोणीस तुकडे शिल्लक. प्रयोग एकटीनेच केला, सर. बाकीच्यांनी आकडा उतरवला."

"पण एकतीस आले कुठून?" आरोक्यमने विचारलं.

"तुझं पाकीट फुगलं तिथून. बावीस पूर्णांक चार हा आकडा शून्य अंशाचा, समुद्रकाठच्या दाबाचा. इथे सात हजार फुटांवर हवेचा दाब जेमतेम पाऊण, वायू पसरतो. चौदा अंशांना, पाण्यावर धरला तर त्या तुकड्याचे एकतीसच यायला हवेत. उटीत खरं मोजून बावीस कुणालाच मिळणार नाहीत."

सबापती सरांनी वही मिटली. "तपासणी समिती यायची होती. फळ्यावर आकडा मीच लिहून दिला. माधी म्हणाली, सर, इथे दाब कमी आहे. सगळ्या वर्गासमोर म्हणाली." त्यांनी रजिस्टर मागवलं, शेरा खोडला, खाली सही केली.

आरोक्यमला वाटलं, आता म्हातारा हात जोडेल. बेल्ली खोडलेल्या ओळीवर बोट ठेवून बसला.

"मला म्हणाली होती, ताता, मी मोजलं होतं. मी म्हटलं, एकोणीसजण खोटे आणि तू एकटी खरी काय गं?" त्याने बोट उचललं. "त्यानंतर तिने मला काही सांगणंच सोडलं. तापसुद्धा."